देवकाबाईच्या हातचे मासे

चामोर्शीकडच्या मासेमार ढिवरांत देवकाबाईइतकी स्वच्छ बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतके कुणाचे मासेही मरत नव्हते. सन पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. बाजाराच्या दिवसापर्यंत मासे जिवंत राहावेत म्हणून ढिवर लोक झाकणाच्या बांबूच्या टोपलीत ते भरत आणि टोपली तलावाच्या काठाशी बुडवून ठेवत. टोपलीवर बुळबुळीत, काचेसारखे गोळे धरत. लोक त्यांना बेडकाची अंडी म्हणत आणि आपल्या कामाला लागत.

अंडी कसली! तिथे अख्खं गाव नांदत होतं. एका लिबलिबीत गोधडीत कितीतरी इवलाले जीव, प्रत्येकाचं तोंड वेगळं, पोट वेगळं. तोंडाभोवतीच्या झालरीने पाण्यातलं बारीकसारीक ओढून खायचं, बोट लागलं की सगळ्यांनी आत दडायचं. गोळा फार वाढला की वाटणीचं भांडण न करता त्याचे दोन व्हायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मात्र चिरडले, की त्यांच्या अंगातला रस पाण्यात उतरून माशांचे कल्ले जाळायचा.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकीचे ढिवर आळशी, म्हणून त्यांचे मासे जगत. देवकाबाई रोज भाताच्या तणसाची मूठ घेऊन, मासे आत असतानाच, टोपली घासून लख्ख करी. दुपारी मासे पोटं वर करून तरंगत. मग दुसऱ्या दिवशी फटींत उरलेले गोळे ती आणखी जोराने घासे.

शेवटी थोरली जाऊ चंदाबाई तोंडावरच म्हणाली, "देवके, तू टोपलीले हात नोको लावू. तुह्या हातात जीव टिकत नाई."

देवकाबाईला तलावापासून दूर ठेवलं. मासे जगले. गावाला पुरावा मिळाला. वाईट एवढंच झालं, की तिचीही खात्री पटली.

नातू झाला तेव्हा ती उंबऱ्याबाहेरच बसून राहिली. बाळाच्या रडण्याने जीव तुटत होता, पण हात पदराखाली घट्ट. सून कमळा पोर घेऊन बाहेर आली.

"मले नोको देऊ, कमळे. माह्या हातानं मासे मरतेत."

"मरत असतीन. मी दोन सालापासून तुमच्याच हातचं खाऊन राह्यली, आत्याबाई. मेली का?"

आणि तिने पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. देवकाबाईने असा गळा काढला, की पोर गेलं समजून अर्धं गाव धावत आलं. चंदाबाई सगळ्यांत पुढे. पोर मूठ चोखत पडलं होतं.