मी उभा होतो, दुखत होतं म्हणून

"बघा, याचा बाप आपल्याकडं हमाल होता. माझ्या वडलांसमोर कधी बसला नाही. हा शिकला, कॉम्प्युटर चालवतो, पण रीत विसरला नाही."

सावकार गादीवर लोडाला टेकून पाहुण्यांना सांगत होते. अमरगोळच्या मार्केट यार्डातली त्यांची अडत. मिरचीचा हंगाम, दुकान भरलेलं. मी टेबलाशी उभा राहून, वाकून हिशेब टाइप करत होतो. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघून हसले. शाबासकी होती ती. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

कारण मी रीत म्हणून उभा नव्हतो. मला बसताच येत नव्हतं.

बेंबीखालून कळ निघायची, जांघेत उतरायची आणि बसायच्या जागी आग व्हायची. मिरचीचा हात लागावा तशी. तपासण्या केल्या. सगळं ठीक. एका डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं, "बाहेर कुठं जातोस का?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या हसण्यावरून दिसलं.

त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही. हात दुखतो, पाय दुखतो, हे सांगता येतं. हे कसं सांगायचं? लग्नाला गेलो तर पंगत बसायच्या आत निघून यायचो. घरी ओट्याशी उभ्यानं जेवायचो. बायको विचारायची, मी खेकसायचो. मग तिनंही विचारणं सोडलं. एवढा एकटा मी कधीच नव्हतो.

आणि टेबलाशी माझी ती रिकामी खुर्ची. मी नोकरीला लागलो त्या दिवशी माझे वडील, अप्पा, दुकानाच्या दारापर्यंत आले होते. आत आले नाहीत. मला खुर्चीत बसलेलं बघितलं आणि परत गेले. त्यांना तेवढंच बघायचं होतं.

शेवटी देशपांडे नगरातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेलो. लाजेनं मान वर होत नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी विचारलं, मग हात लावला.

"अण्णा, खालचे स्नायू आवळलेत. त्यात नस दुखावतीय. हे खोटं दुखणं नाही."

मला रडू आलं. आलं तर आलं.

मग त्यांनी आडवं झोपवून श्वास घ्यायला लावला. श्वास घेताना पोट फुगू द्यायचं, खालची बाजू सैल सोडायची. मला जमेना.

"पोट एवढं कशाला धरून ठेवताय? कुणी मारायला आलंय का?"

घरी चटईवर एकटाच पडून तेच करत होतो, तेव्हा मला त्याचं उत्तर सापडलं. सावकारांच्या चपला वाजल्या की माझं पोट आत जायचं. अप्पांचंही जायचं. पोट आत, हात पुढं जुळलेले, नजर जमिनीवर. लहानपणी बघितलं होतं, तसंच उचललं होतं. दुखणं कशानं आलं हे बाईंनाही नक्की सांगता येत नाही. हे आवळणं कुठून आलं, ते मला कळलं.

हळूहळू थोडं थोडं बसायला जमू लागलं. आणि एक दिवस दुकानात गेलो तर टेबलाशी खुर्ची नाही. सावकारांनी ती गादीजवळ ओढून घेतली होती, येणाऱ्या पाहुण्यांसाठी.

"तुला कशाला लागती खुर्ची? तू उभाच छलो दिसतोस, शोभतोस. बापासारखा."

पोट आत गेलं. मला ते जाताना कळलं. मी ते सोडलं.

"सावकार, मी तुमच्या मानासाठी उभा नव्हतो. माझ्या दोन मांड्यांच्या मधली नस दुखती. बसलं की आग होती. म्हणून उभा होतो."

हमाल पोती खांद्यावर घेऊन थांबले. सावकार गादीवरून उठले.

"शी! चारचौघांत काय बोलतोस? लाज नाही?"

"होती की. तिच्यापायीच गप्प होतो."

खुर्ची उचलली, टेबलाशी आणली आणि बसलो. सावकार समोर उभे, मी बसलेला. खोटं कशाला सांगू, आग झालीच.

अजूनही आग होते. दुखलं की उठतो, जरा चालतो, परत बसतो. नोकरी राहील, नाही तर जाईल. पण सावकार, तुम्ही आत आलात म्हणून मी उठणार नाही. अप्पा उठायचे. मी उठणार नाही.