ह्रांतच्या बाटल्यांतलं सोनं

इस्फहानच्या जुल्फा या आर्मेनियन मोहल्ल्यात एके काळी अशी कुजबूज होती, की ह्रांत सोनार बिअरच्या बाटल्यांत सोनं लपवतो. कुणी म्हणे कीस घालतो, कुणी म्हणे मेलेल्या आईची सोन्याची नाणी वितळवून त्यांची भुकटी घालतो. नाण्यांचं नाव निघालं की आवाज आणखी खाली जाई, कारण त्या नाण्यांवरूनच ह्रांतचा धाकटा भाऊ सेद्राक दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. आईच्या पेटीची किल्ली ह्रांतकडे होती. आई गेली, पेटी उघडली, तर आत लोकरीचे मोजे आणि कापूर.

कुजबुजीचा उगम होता सेद्राकची बायको, हेगीने. ती एकदा रस्त्याने जाताना ह्रांतच्या तळघराच्या झरोक्याशी बुटाची नाडी बांधायला वाकली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या, ती गोष्ट वेगळी. झरोक्यातून तिला दिसलं ते असं: म्हातारा सोनाराच्या तराजूवर काहीतरी चमचमणारं तोलतोय, नरसाळं लावून एकेका बाटलीत सोडतोय आणि बाटली बूच ठोकून बंद करतोय.

"अगं, साखर असेल," चर्चच्या अंगणात कुणीतरी म्हणालं.

"साखर तराजूवर?" हेगीने म्हणाली. "तुझा नवरा तोलतो का साखर?"

जुल्फ्यात बिअर घरोघरी मुरते, पण फेसासाठी सगळे एकच करतात: साखरेची ढेप कुऱ्हाडीने फोडायची आणि दर बाटलीत एक खडा टाकायचा. खडा कधी बोराएवढा, कधी अक्रोडाएवढा. ह्रांतही जन्मभर तेच करत आला होता. पण तीन वर्षांपूर्वी अक्रोडच जास्त निघाले. तळघरात अकरा बाटल्या फुटल्या, सोबत लोणच्याच्या चार बरण्या गेल्या, आणि त्याची बायको आरुस पुढचे तीन महिने डोक्यावर पातेलं घालून तळघरात उतरत होती.

"चाळीस वर्षं रतीभर सोनं कुणाला जास्त दिलं नाहीत," ती म्हणाली, "आणि घरात ही उधळण!"

हे ह्रांतला लागलं. दुकान बंद केल्यापासून तराजू फडताळात पडून होता, तो त्याने काढला.

कुजबूज उठली त्या वर्षी ईस्टरआधी पाच दिवस त्याने चोवीस बाटल्या भरल्या. भरताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातात. आईच्या थडग्याशी सेद्राक भेटेलच. तिथून त्याला घरी आणायचं आणि एकदा एका टेबलाशी बसवायचं. बिअर तेव्हा तयार नसेल हे त्याला ठाऊक होतं, पण निमित्त तरी तयार होतं.

आणि सेद्राक आपणहून आला! ईस्टरच्याच दुपारी दारात उभा, मागे हेगीने, हातातल्या चारही बांगड्या वाजवत.

"दादा, म्हटलं, तुझी बिअर चाखावी."

ह्रांतच्या हातातलं रंगवलेलं अंडं खाली पडलं. "बस, बस! आरुस, चीज आण, पुदिन्याचा पाला आण!" मग एकदम ओशाळून म्हणाला, "पण बिअर अजून कच्ची आहे रे. साखर घालून पाचच दिवस झालेत. तीन आठवडे तरी हवेत."

हेगीनेनं नवऱ्याला कोपर मारलं.

"कच्ची चालेल," सेद्राक म्हणाला.

ह्रांतने एक उघडली. फुस्स झालं, पण रडतखडत. सेद्राकने घोटही न घेता ग्लास उजेडात धरला, तळाशी पाहिलं आणि म्हणाला, "दुसरी उघड." दुसरीनंतर तिसरी. तिसरीला हेगीनेनं डोक्यावरचा रुमाल सोडून भांड्यावर ताणला आणि बाटली त्यातून गाळू लागली. रुमालावर यीस्टचा पिवळट गाळ जमला. तो ती बोटाने चिवडू लागली. बांगड्या किणकिणत होत्या.

ह्रांतला कळलं. भाऊ आईसाठी आला नव्हता, त्याच्यासाठीही नव्हता. तो उठला, फडताळातून तराजू आणून हेगीनेपुढे ठेवला.

"ठेव त्यावर. आजच्या बाजारभावाने मी घेतो."

आरुस फिस्सकन हसली. सेद्राकचे कान लाल झाले.

"भावोजी, हसण्यावारी नेऊ नका," हेगीने म्हणाली. "नाणी कुठेत, तेवढं सांगा."

ह्रांतने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. "दोन बाटल्या घेऊन जा," तो सेद्राकला म्हणाला. "तीन आठवडे थंड जागी उभ्या ठेव. हलवू नकोस. मग काय गाळायचंय ते गाळ."

ती दोघं गेल्यावर आरुस म्हणाली, "सांगून टाकायचं होतं."

"आईला शब्द दिलाय."

"आई मेली."

"शब्द मीच दिला होता, आणि मी जिवंत आहे."

तीन आठवड्यांनी सेद्राक एकटाच आला, पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या घेऊन.

"धुतल्यास?"

"हेगीनेनं धुतल्या. त्याआधी दोनदा गाळून पाहिलं."

"मग?"

"काही नाही." तो दारातच घुटमळला. "फेस मात्र... दादा, असा फेस मी बापाच्या हातचाही पाहिला नाही. दोन्ही बाटल्यांना सारखा."

"तोलून घातलं की सारखंच होतं. बसतोस का?"

सेद्राक बसला. दोघांनी दोन बाटल्या संपवल्या, तिसरी वाटून घेतली. नाण्यांचा विषय सेद्राकने काढला नाही, ह्रांतनेही काढला नाही. पुढच्या रविवारी तो परत आला, आणि मग येतच राहिला. हेगीने मात्र त्या झरोक्यावरून जाताना अजून मान वळवते.

बाटल्यांत साखर होती, दर बाटलीला चार ग्रॅम. नाणी पस्तीस वर्षांपूर्वी, सेद्राकच्या लग्नात नवं सोनं घ्यायची ऐपत नव्हती म्हणून, आईने ह्रांतकडून वितळवून घेतली होती, आणि जुनं मोडून घातल्याचं सुनेला कधी सांगू नकोस म्हणाली होती. त्यांच्या चार बांगड्या झाल्या. त्या हेगीनेच्या हातात आहेत.