शास्त्राच्या तासाची चिठ्ठी

बाई फळा पुसायच्या. फळा आधीच स्वच्छ असायचा, तरी पुसायच्या. दाराला काळा धोंडा लावून ते सताड उघडं ठेवायच्या, "दार उघडं आहे," एवढंच म्हणायच्या आणि आमच्याकडे पाठ करून फडकं हातात घ्यायच्या. आम्ही नऊ जणी उठून अंगणातल्या जांभळीखाली पोचेपर्यंत ते फडकं चालायचं. मग आत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा तास सुरू व्हायचा.

जाणाऱ्या मुलीला कुणाची नजर टोचू नये, म्हणून ही पाठ होती. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची एखादी लहानशी सवय आपण वर्षानुवर्षं बघतो, आणि तिचा अर्थ विचारायचा राहून जातो.

माझे अब्बा लोणावळ्यात कोळशाची वखार चालवतात. त्यांना मिशनच्या लोकांचा राग नव्हता; मिशनच्या बंगल्यावर कोळसा तेच घालत. पण माझी थोरली बहीण मिशनच्या याच शाळेत होती. तिला रोज त्या तासाला बसावं लागे. एके दिवशी चूल फुंकता फुंकता ती येशूचं गीत गुणगुणली. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. चौथीच्या पुढे मुलींना शिकवणारी दुसरी शाळा गावात नव्हती. मला शाळेत घालताना अब्बा एवढंच म्हणाले, "त्या तासाला बसवलं, की हिचीही बंद."

त्या सुमाराला सरकारने नियम केला होता. जी शाळा सरकारची ग्रँट, म्हणजे अनुदान, घेते, तिने पालकाने लेखी कळवल्यास त्याच्या मुलाला धर्माच्या तासातून सूट द्यायची. नियमाचा कागद शाळेत लावलेला होता. इंग्रजीत, कचेरीच्या दारामागे. दार उघडलं की कागद झाकला जाई, आणि कचेरीचं दार दिवसभर उघडंच असे.

बाई नव्यानेच आल्या होत्या. स्वतः ख्रिस्ती, प्रार्थना कधी न चुकवणाऱ्या. त्यांनी तो कागद वाचला आणि रविवारची उपासना आटोपून, पांढऱ्या लुगड्यातच, आमच्या वखारीत येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, शाळा तुमची," अब्बा म्हणाले, "आणि तुम्हीच सांगता, पोरीला बसवू नका?"

"बसवू नका म्हणत नाही. तुम्ही ठरवा म्हणते."

"तुम्हाला काय पडलंय त्याचं?"

"तुम्ही कोळशामागं जंगलखात्याला पैसे भरता. वलवणचे शेतकरी सारा भरतात. त्यातून ग्रँट येते, तिच्यातून माझा अर्धा पगार. तुमच्याकडनं घ्यायचं आणि तुम्हाला विचारायचं नाही, हे मला जमत नाही."

अब्बांनी कोळशाचा हात लुंगीला पुसला आणि सूट मागणाऱ्या कागदावर सही केली. तीन अक्षरी सही, पण ती करायला त्यांना बराच वेळ लागला.

शेजारच्या वलवण गावाला जाताना बाईंनी मला बरोबर नेलं, कारण माझ्या वर्गातल्या सखूचं घर मला ठाऊक होतं. सखूचे आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. बाई मूळच्या मावळातल्याच. आबांपुढे बाईंची भाषा लगेच बदलली.

"मास्तरीणबाई, तुमच्या देवाचं ऐकून पोरगी बाटंल व्हय?" आबांनी विचारलं.

"ऐकून कोन बाटत न्हाई, आबा. पन तुमाला नको असंल तर तसं लिवून द्या."

"लिवाय कुटं येतंय मला?"

"अंगठा तर हाय न्हवं?"

आबा दोरी खाली ठेवून खूप हसले. "हाय. आजवर सावकारानंच घेतला. शाळेनं पयल्यांदाच मागितला." आणि त्यांनी तो असा दाबून उमटवला की कागद फाटायचा राहिला.

असे नऊ कागद जमले. बाई ते बायबलच्याच पुस्तकात ठेवत.

चिठ्ठीच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. एकदा जूनमध्ये त्यांची पाठ वळलेली पाहून त्यांच्याच ख्रिस्ती मंडळीतली एक मुलगी आमच्यामागून जांभळं खायला सटकली. तास संपल्यावर बाईंनी तिला जीभ दाखवायला लावली. जीभ जांभळी.

"तुझी चिठ्ठी कुठंय? हीच का?"

वर्ग हसला. ती मुलगी आठवडाभर पहिल्या रांगेत होती.

मी एकदा भीत भीत विचारलं, "बाई, आम्ही उठून जातो त्याचं तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "माझ्या बापानं हा धर्म स्वतःच्या मनानं घेतला. गावानं पाणवठा बंद केला. मनानं घेतला होता, म्हणून त्यानं सोसलं. कुणी ढकलला असता, तर पहिल्या उन्हाळ्यातच परत गेला असता."

पुढच्या वर्षी मिशनच्या शाळांचे मुख्य पाद्रीसाहेब पुण्याहून आले, ते नेमके त्याच तासाला. जांभळीखाली आम्हाला पाहून थांबले. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"ह्या मुली बाहेर का?"

"त्यांच्या पालकांनी लिहून दिलंय."

"त्यांना हा नियम कोणी सांगितला?"

"मी."

साहेब चढ्या आवाजात बोलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, विलायतेतली गरीब माणसं वर्गणी पाठवतात, ती या एका तासासाठी. त्यांना मी काय सांगू?"

"त्यांना सांगा, की शाळेला ग्रँटही लागते. ग्रँट नको असेल तर परत करू, साहेब. मी अर्ध्या पगारावर शिकवीन. पण घेतो आहोत तोवर दार उघडं राहील."

साहेबांनी नऊ कागद एकेक करून पाहिले. आबांचा अंगठा त्यांनी बराच वेळ पाहिला. मग कागद परत दिले आणि गेले. पालकांनी लेखी दिलेलं आता त्यांनाही नाकारता येत नव्हतं. आम्ही शाळेत राहिलो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बाईंच्या बदलीचा हुकूम आला, नगरकडच्या एका लहान गावी.

परवा कॉलेजात चर्चा निघाली: धर्माच्या शाळांना सरकारने पैसा द्यावा की देऊ नये? मुलं दोन्ही बाजूंनी छान बोलली. माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. उभं राहून बोलायचं धाडस अजून होत नाही. बोलले असते तरी काय? मला मुद्दा आठवत नव्हता, फडकं आठवत होतं. बाई दोन वर्षांपूर्वी तिकडेच वारल्या. मला ते पत्राने कळलं. म्हणून जे बोलता आलं नाही ते लिहिते आहे.

त्यांच्या शेवटच्या दिवशी आम्ही नऊ जणींनी ठरवलं होतं, की आज झाडाखाली जायचं नाही. बाईंचा शेवटचा तास आत बसून ऐकायचा. दुसरं काही द्यायला आमच्याजवळ नव्हतं.

त्यांनी दाराला धोंडा लावला. "दार उघडं आहे," म्हणाल्या आणि वळल्या. बाकं वाजली नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळ्यांत पुढे मी होते.

"का गं? अब्बांनी दुसरी चिठ्ठी दिली?"

"नाही, बाई. पण आज आम्हाला..."

"सखू, आबांनी?"

सखूने नकारार्थी मान हलवली.

"मग जा झाडाखाली," बाई म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून कुणी आत बसायचं नाही."

आम्ही उठलो. बाईंनी पाठ केली आणि फळा पुसायला लागल्या. आम्ही जांभळीखाली जाऊन बसलो, तरी त्या पुसतच होत्या. आतल्या मुली वाट पाहत होत्या. त्या दिवशी तास फार उशिरा सुरू झाला.