जिवंत माणसाच्या फोटोला हार

मंजुषा तुपे हर्सूलला ब्लाउज शिवते. तिच्या हातची बाही कधी आखडत नाही, असं बायका सांगतात. तिनं एकदा मनात धरलेली गोष्ट सुटत नाही, हेही सांगतात, पण जरा आवाज उतरवून.

तिचा नवरा बन्सी मूळचा फुलंब्रीचा, फौजेत हवालदार. दिवाळी झाली आणि त्याची पलटण लडाखला गेली. वर ठाण्यावर मोबाइल चालत नसे. आठ-दहा दिवसांनी खाली उतरला की त्याचा फोन यायचा. अमेय दुसरीत होता, स्वराली बालवाडीत. पोरांनी सुरुवातीला बरं निभावलं. "आमचे बाबा बर्फाचा गोळा फुकट खातात," अशी फुशारकी स्वराली गल्लीभर मारायची.

दोघं ज्या खाजगी शाळेत जात, तिची मालकीण आणि मुख्याध्यापिका एकच, चारुता मॅडम. सव्वीस जानेवारीच्या देखाव्यात त्यांनी दोघांना घेतलं आणि अमेयला सांगितलं, "बाबांचा वर्दीतला फोटो घेऊन ये." नवऱ्याचा मान होणार म्हणून मंजुषानं काच स्वतः पुसून फोटो दिला.

त्या दिवशी ती पोहोचली तेव्हा देखावा निम्म्यावर आला होता. रंगमंचावर थर्माकोलची लांबट पेटी. तिच्यावर तिरंगा. तिरंग्यावर बन्सीचा फोटो, आणि फोटोला चंदनाचा हार. पांढऱ्या फ्रॉकमधली स्वराली पेटीला बिलगून ओरडत होती, "बाबा, उठा ना!" अमेय शेजारी सलाम ठोकून ताठ उभा होता आणि त्याची चड्डी ओली झाली होती. समोर लोक एका हातानं डोळे पुसत होते, दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढत होते.

पडदा पडला तरी स्वरालीचं रडणं थांबेना. मंजुषानं तिला उचललं, तर मॅडम हसतमुखानं आल्या. "किती नैसर्गिक रडली हो तुमची मुलगी!"

"मॅडम, तिचा बाप जिवंत आहे."

"अहो, नाटकच तर आहे. मुलं काय, दोन दिवसांत विसरतात."

मुलं विसरली नाहीत. स्वरालीनं बोलणं सोडलं. बन्सीचा फोन आला की ती खाटेखाली जाऊन बसायची. अमेय एका सकाळी दप्तर भरता भरता म्हणाला, "आई, मी फोटो नेला म्हणून बाबा मेले का?"

"अरे, काल फोनवर बोलले की तुझ्याशी!"

"रेकॉर्डिंग असल," तो म्हणाला. बापाला कधी ओळखतच नसल्यासारखा.

मंजुषा शाळेत गेली. व्हिडिओ काढून टाका आणि पोरांना एकदा तुमच्या तोंडानं खरं सांगा, एवढंच तिचं मागणं होतं. मॅडमनी नेटवर टाकलेला तो व्हिडिओ तोवर हजारोंनी पाहिला होता. त्या म्हणाल्या, "सन्मानच झाला ना तुमच्या मिस्टरांचा? फौजीच्या बायकोनं इतकं हळवं असून कसं चालेल?"

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती भांडली नाही. "बरं मॅडम," म्हणाली आणि उठली. तिला ओळखणारं कुणी तिथं असतं, तर त्याला त्या "बरं"चीच भीती वाटली असती.

पुढचे तीन आठवडे ती मशीनवर वाकून एकच विचार करत राहिली. मॅडमचा मुलगा हिमांशू पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता, एकुलता एक. त्याच्या वाढदिवशी मॅडमनी स्टेटसला फोटो लावला. मंजुषानं तो उतरवून घेतला आणि औरंगपुऱ्यात करीमभाईच्या फ्रेमच्या दुकानात गेली.

करीमभाईनं फोटो मोठा करून काळ्या चौकटीत बसवला. सवयीनं त्याचा हात हारांच्या डब्याकडं गेला. "कब गुजरे?"

"अजून नाय."

त्याचा हात थांबला. "ताई, जिंदा आदमीच्या फोटोला हार? माझा हात नाय उठणार."

"माझ्या नवऱ्याच्या फोटोला चढवला, तवा कुणाचाच हात थांबला नाय, भाई."

करीमभाईनं चौकट कागदात बांधून दिली, हार मात्र दिला नाही. तो तिनं पुढच्या गल्लीतून घेतला.

शनिवारी पालक सभा होती. चाळीसेक आईबाप बाकांवर बसले होते. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या तशी मंजुषा पुढं गेली. टेबलावर फोटो उभा केला, त्याला हार घातला आणि बाजूला झाली.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... हे काय आहे?"

"नाटक. बसा ना त्याच्यापाशी. 'बाळा, ऊठ' म्हणा. दोन मिनिटांचाच देखावा आहे."

"वेड लागलंय तुम्हाला! सकाळीच बोललेय मी त्याच्याशी."

"मग झालं तर. घाबरता कशाला?"

मॅडमला कळत होतं, पोरगा धडधाकट आहे. तरी त्यांचा हात फोनकडं गेलाच. त्यांनी हिमांशूला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मागून एक पालक म्हणाले, "ताई, पुरे करा आता." मंजुषानं वळूनही पाहिलं नाही.

"लावा की अजून," ती म्हणाली. "वर्गात असल. माझा माणूस दहा-दहा दिवस उचलत नाय."

अकरा मिनिटं गेली. भिंतीवरच्या घड्याळात तिनं ती मोजली. समोरच्या बाईचा जीव टांगणीला लागलेला पाहताना तिला गोड वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. हे तिनं पुढंही कधी लपवलं नाही. मग हिमांशूचाच फोन आला. "आई, लेक्चरला होतो, काय झालं?" मॅडम टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागल्या.

मंजुषा त्यांच्या कानाशी वाकली. "तो व्हिडिओ आजच काढून टाका. आणि उद्या माझ्या घरी या."

त्या संध्याकाळी तिनं शेवयांची खीर केली. स्वराली खाटेखालून बाहेर आली नाही. खीर तशीच राहिली. आईनं मैदान मारलं होतं, पोरीला त्याचं काय!

रविवारी मॅडम खरंच आल्या. बन्सीचा फोटो त्यांनी पिशवीतून आणला होता, हारासकट. फरशीवर बसून अमेयला म्हणाल्या, "तुझे बाबा जिवंत आहेत. पेटीत कुणी नव्हतं. मी खोटं करायला लावलं, माझं चुकलं." अमेय आईची कापडाची कात्री घेऊन हार कापायला बसला. एकेक मणी, एकेक चकती. चंदनाच्या चकत्यांनी धार जात होती, पण मंजुषानं त्याला अडवलं नाही. शेवटचा तुकडा होईपर्यंत मॅडमनाही तिनं उठू दिलं नाही. त्यानंतर अमेयनं दोन भाकरी खाल्ल्या.

बन्सीचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो चिडला. "त्या पोराचा काय दोष होता गं?"

"त्याच्या आईला विचारा. ते राहू द्या, स्वरालीचं कसं करायचं? तिला तुमचा आवाज खरा वाटत नाय. मला तुमची मापं पाठवा. छाती, पोट, उंची, प्रत्येक मापाएवढा दोरा कापून पाठवा."

बारा दिवसांनी लिफाफा आला. मंजुषानं पोटाच्या दोऱ्याची टोकं बांधून वेटोळं खाटेपाशी ठेवलं. "हे बाबांचं पोट. एवढंच आहे आता." ती कामाला लागली. वळून पाहिलं तर स्वराली त्या वेटोळ्याच्या मधोमध बसली होती. दिवसभर तिथंच बसली, जेवलीही तिथंच. मग अमेयनं तिची उंची मोजली, तिनं त्याची, आणि ते दोरे लडाखला गेले. पुढच्या लिफाफ्यातला पोटाचा दोरा दोन बोटं आखूड भरला. स्वराली सव्वीस जानेवारीनंतर पहिल्यांदा फोनपाशी आली आणि ओरडली, "बाबा, तुम्ही जेवत नाय व्हय?"

पलीकडून बन्सीनं तिला त्या दिवशीच्या चपात्या मोजून सांगितल्या.

जूनमध्ये पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. बन्सीच्या सांगण्यावरून मंजुषानं हिमांशूला एक मेसेज पाठवला, 'तुझ्याशी काही वैर नव्हतं, बाळा.' त्याच्या आईला तिनं काहीच लिहिलं नाही.

बन्सी सुट्टीवर आला तेव्हा दोघं भाजीबाजारात गेली. समोरून चारुता मॅडम आल्या, थबकल्या, त्यांनी हात जोडले. बन्सीनंही जोडले. मंजुषानं भेंडी निवडणं थांबवलं नाही.

"आता तरी सोड," बन्सी वाटेत म्हणाला. "पोरं विसरली बघ."

"पोरांनी सोडलं, लई बरं झालं," ती म्हणाली. "मी नाय सोडलं."