मुलुंडच्या खोलीतलं बेट

सुलक्षणा घाडीचा टायपिंगचा वेग मिनिटाला साठ शब्दांचा होता. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्याच्या ऑफिसात तिच्याइतकं स्वच्छ पत्र दुसरं कोणी काढत नसे. तेरा वर्षं तिनं तिथे काढली. मग पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिची आई शेवंती मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड नीट धरलं नाही. शेवटी डॉक्टरांनीच सांगून टाकलं, आता त्या पुन्हा चालतील ही आशा धरू नका.

घरात बैठक बसली. बैठक म्हणजे मस्कतहून सुट्टीवर आलेला मोठा भाऊ अनंत, त्याची बायको वसुधा आणि सुलक्षणा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. अनंतचं बिऱ्हाड बोरिवलीला, वसुधा तिथल्याच एका शाळेत शिकवायची.

"माझी तर शाळा आहे," वसुधा म्हणाली.

"बाई ठेवली तर ती आईला कशी वागवेल, देव जाणे," अनंत म्हणाला.

मग दोघंही सुलक्षणाकडे बघत राहिली. चौतीस वर्षांची, लग्न न झालेली. तिला कोणी काही विचारलं नाही. चहाचे रिकामे कप उचलून ती आत गेली आणि जानेवारीत तिनं राजीनामा दिला.

मस्कतला परतताना अनंतनं तिच्या हातात एक खोकं ठेवलं. आत काळ्या रंगाचा, चहाच्या ट्रेएवढा कॉम्प्युटर होता. रबराच्या मऊ बटणांचा, टीव्हीला जोडायचा. सोबत चार कॅसेट. "तुला टायपिंग येतंच. शिक हे. पुढे ह्याचाच जमाना आहे," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण ते खोकं कशाच्या बदल्यात मिळतंय हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढं त्यांचं घर. खिडकीतून मिठागरं दिसायची, उन्हात मिठाचे ढीग चमकायचे. शेवंतीचा पलंग भिंतीला होता, तिला फक्त पंखा दिसायचा. सकाळी बेडपॅनचं भांडं देणं, अंग पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, पुन्हा भांडं. शेजारच्या सुंदराबाई अर्धा तास येऊन बसत, तेवढ्यात सुलक्षणा दूध, भाजी, औषधं उरकून यायची. फेब्रुवारीत एकदा तिच्या लक्षात आलं की आपण महिनाभरात मार्केटच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

खोकं तिनं मार्चमध्ये उघडलं. जेवणानंतर एक ते तीन शेवंती झोपायची. पुस्तिकेत बघून सुलक्षणानं वायर टीव्हीच्या मागे खोचली, टेपरेकॉर्डर जोडला, कॅसेट लावली. टेपमधून चिरका आवाज सुरू झाला, गाडीचा ब्रेक लागल्यासारखा, आणि पाच मिनिटं थांबेना. टेपचा आवाज जरा कमीजास्त झाला की सगळं फुकट, परत पहिल्यापासून. दोन कॅसेटमध्ये विमानं आणि गोळ्या होत्या, त्यात तिचं मन रमलं नाही. तिसरी कॅसेट शिकवणीची होती. चौथीत नुसती अक्षरं होती.

पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं: तुम्ही एका तळघरात आहात. अंधार आहे. वरून समुद्राचा आवाज येतोय. खाली चौकोनी ठिपका लुकलुकत होता, म्हणजे आता तुम्ही सांगा काय करायचं.

सुलक्षणानं टाईप केलं, 'लाईट'. कॉम्प्युटरनं लिहिलं, मला समजलं नाही. तिनं 'लुक' लिहिलं. भिंतीला शिडी आहे, असं उत्तर आलं. 'गो अप.' आणि ती वर गेली. वर दीपगृह होतं. बेटावर एकटं दीपगृह, रखवालदार नाहीसा झालेला, दारं बंद, आणि तिला त्या बेटावरून सुटायचं होतं.

तेरा वर्षं तिनं दुसऱ्यांची पत्रं टाईप केली होती. आपण दोन शब्द लिहावेत आणि दार उघडावं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. घड्याळात बघितलं तेव्हा साडेतीन वाजले होते आणि आई हाका मारत होती.

त्यानंतर ती सकाळची कामं झपाट्यानं उरकू लागली. अडलेल्या शब्दासाठी शाळेतली जुनी डिक्शनरी काढली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर बेटाचा नकाशा काढला: दीपगृह, जिना, तेलाची खोली, विहीर, दक्षिणेला खडक, पश्चिमेला वाळू. विहिरीत कंदील सापडला, कंदिलामुळे भुयार सापडलं, भुयारात वाट चुकली की मरायचं आणि परत तळघरात उभं राहायचं. पोळ्या लाटताना तिच्या डोक्यात भुयार असायचं. डाळ दोनदा करपली. शेवंतीच्या केसांत फणी घालता घालता ती मधेच थांबायची आणि ओठातल्या ओठात 'नॉर्थ, नॉर्थ, ईस्ट, आयलंड' पुटपुटायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती भुयाराच्या पार टोकाला पोचली होती. पुढे उजेड होता. तेवढ्यात मागून आईची मालवणीतली हाक आली, "सुला गो, भांडा दी."

"थांब हां आये. एक मिनिट."

पुन्हा हाक आली. "सुला."

"अगं थांब ना! आलेच."

मग हाक आली नाही. सुलक्षणा भुयारातून बाहेर पडली, किनाऱ्यावरची वाळू, वाळूत रुतलेली एक होडी, सगळं वाचून तिनं नकाशावर होडी काढली आणि मान वळवली. शेवंती वर पंख्याकडे बघत पडली होती. चादर ओली झाली होती, गादीपर्यंत. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं होतं.

"मगाशी का नाही ओरडलीस?" सुलक्षणा म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कामात होतंस," शेवंती म्हणाली. एवढंच.

सुलक्षणानं चादर बदलली, आईला पुसलं, पावडर लावली. संध्याकाळी तिनं कॉम्प्युटर खोक्यात भरून कपाटावर टाकला. वाळूत रुतलेल्या त्या होडीत आपला जीव अजून अडकलाय ह्याचा तिला राग येत होता. आणि त्याहून जास्त राग येत होता तो त्या पलंगाचा. आईचा नव्हे, पलंगाचा, असं ती स्वतःला बजावत राहिली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर शेवंतीनं विचारलं, "ता बेट खंय गेला?"

"कसलं बेट?"

"तू पुटपुटतंस ता. आयलंड, आयलंड. माका काय समजणा नाय? वेंगुर्ल्याक साहेब येयत तेंका माझो बापूस होडयेतसून न्हेय दीपगृहावर. काड ता खोका. माका पण सांग, काय झाला तां. निजान निजान कट्टाळलंय."

सुलक्षणानं खोकं काढलं. ह्या वेळी टीव्ही पलंगाकडे वळवला. शेवंतीला वाचता येत नव्हतं, म्हणून सुलक्षणा वाचायची आणि सांगायची. तळघर, जिना, तेलाची खोली. शेवंतीनं तेलाच्या खोलीबद्दल दहा प्रश्न विचारले. रखवालदार कुठे गेला ह्याची तिला फार काळजी लागली. "बुडलो असतलो," ती म्हणाली. "रांडेच्यान एकट्यान ऱ्हवाचाच कशाक?"

मे उजाडला तरी होडी मात्र हलेना. सुलक्षणानं ढकल म्हणून सांगितलं, ओढ म्हणून सांगितलं. दोरी बांधली, फळी लावली, वाळू उकरली. पडद्यावर दर वेळी तेच: होडी जड आहे, हलत नाही. ती त्या पश्चिम किनाऱ्यावर रोज दुपारी उभी राहायची आणि रोज दुपारी तिथेच राहायची. एकदा तिनं वैतागून बटणांवर मूठ आपटली. "हा गेम बनवणारा मूर्ख आहे. बाहेर पडायचा रस्ताच नाहीये इथे!"

शेवंती हसली. पडल्यापासून सुलक्षणानं तिला हसताना ऐकलं नव्हतं. "होडी सुक्यार कोण ढकलता गो? चार गडी व्हये तेका. गप बस. भरती येतली. पाणी उचलतला होडयेक."

"असं काही लिहिलेलं नाहीये, आये."

"लिवूक कशाक व्हया? दर्यो आसा ना थंय?"

सुलक्षणानं 'वेट' टाईप केलं. वेळ जातो, असं पडद्यावर आलं. पुन्हा 'वेट'. वेळ जातो. तिसऱ्यांदा. सातव्या वेळी उत्तर बदललं: पाणी होडीच्या बुडाला लागलंय. नवव्या वेळी होडी तरंगली.

"चड, चड!" शेवंती पलंगावरून ओरडली. "वल्ही घे!"

बेट मागे पडलं. मग पडद्यावर अभिनंदनाची एक ओळ आली, आणि तिच्याखाली दुसरी: पुन्हा खेळायचं का?

"मगे?" शेवंतीनं विचारलं.

"मग काही नाही. संपलं."

"घराक पोचलंस काय नाय?"

"तसं काही लिहिलं नाही."

"म्हणजे अजून होडयेतच आसंस," शेवंती म्हणाली आणि दमून डोळे मिटले.

सुलक्षणा स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि तोंडावर पदर दाबून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं खेळ पुन्हा लावून बघितला. सगळं ठाऊक होतं, अर्ध्या तासात संपला. त्या बेटावर आता तिच्यासाठी काही उरलं नव्हतं, आणि दुपारी मात्र तेवढ्याच लांब राहिल्या.

जूनच्या पहिल्या रविवारी वसुधा आली. येताना आंबे घेऊन आली होती. सुलक्षणानं तिला स्वयंपाकघरातच गाठलं.

"वहिनी, तुझी शाळा उघडायला अजून दहा-बारा दिवस आहेत. आठ दिवस आयेला बोरिवलीला ने."

"असं अचानक? आमच्याकडे कसं जमेल गं? मला ते भांडं वगैरे सवय नाही."

"मला होती?"

आंबा चिरता चिरता वसुधानं सुरी खाली ठेवली. "अगं, पण तुझ्यामागे कोण आहे? संसार का मुलंबाळं?"

"म्हणूनच म्हणते," सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्यामागे कोणी नाही. ह्या खोलीत मी संपले तर कोणाला कळणारही नाही. आठ दिवस ने, नाहीतर मी आज दार उघडं टाकून निघून जाईन."

असं ती कधीच गेली नसती, हे तिला ठाऊक होतं. वसुधाला ते ठाऊक नव्हतं. मंगळवारी टॅक्सी आली. दोघा शेजाऱ्यांनी शेवंतीला खुर्चीवर बसवून जिना उतरवला.

सुलक्षणा पहिले दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी कारखान्यात गेली. तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी होती. ऑफिसचे मॅनेजर चंद्रप्रकाश साहेब तिच्याशी फार चांगलं वागले, चहा मागवला. "घाडीबाई, जुलैत एक जागा होतेय. नऊ ते साडेपाच. येता का?" ती हो म्हणायला तोंड उघडत होती, तेवढ्यात दर दोन तासांनी बदलायची आईची कूस आठवली. "मला जमणार नाही," तिनं सांगितलं आणि चहा तसाच टाकून उठली. परत येताना मुलुंड स्टेशनजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी दिसली. बारा ते तीनच्या बॅचला शिकवायला माणूस हवा होता.

शेवंती परत आली ती खंगून. पाठीला एक जखम घेऊन आली होती. सुलक्षणानं जखम धुता धुता इन्स्टिट्यूटबद्दल सांगितलं, आणि मग घाईघाईनं म्हणाली, "पण नाही जात मी. तू एकटी कशी राहशील?"

"भायरसून कुलूप लाव," शेवंती म्हणाली. "मी काय पळान जातलंय?"

आणि तसंच ठरलं. एक किल्ली सुंदराबाईंकडे, त्या दीड वाजता येऊन कूस बदलून जायच्या. एक किल्ली सुलक्षणाच्या पर्समध्ये. पावणेबाराला ती आईची कूस बदलायची, उशाशी पाणी ठेवायची, रेडिओ लावायची आणि बाहेरून कडी घालून कुलूप लावायची. जिना उतरताना पहिल्या मजल्यापर्यंत रेडिओ ऐकू यायचा. वर्गात पंधरा मुली एकदम खटखट करत, आणि तिला दर थोड्या वेळानं वाटायचं, आई आत्ता हाक मारत असेल. तीन वाजले रे वाजले की ती पर्स उचलायची. कोणाशी दोन शब्द बोलायला थांबली नाही, सहकाऱ्यांबरोबर चहाला कधी गेली नाही. चार वर्षं.

कॉम्प्युटर अनंतनं पुढच्या सुट्टीत परत नेला. त्याच्या मित्राला हवा होता.

शेवंती नव्वद साली एका रविवारी सकाळी गेली. सुलक्षणा घरीच होती, तिच्या केसांना तेल लावत होती. कुलपाआड नाही गेली, एवढा एकच विचार तिला त्या दिवशी पुन्हा पुन्हा येत राहिला. तेरावं झालं, बोरिवलीची माणसं गेली. इन्स्टिट्यूटच्या मालकांनी तीन ते सहाची बॅचही तिला दिली. पहिल्याच दिवशी तीन वाजता ती पर्स घेऊन उठली, दारापर्यंत गेली, आणि वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आज तुमची सहापर्यंत आहे ना?"

"हो," सुलक्षणा म्हणाली. पण खुर्चीवर परत येऊन बसायला तिला बराच वेळ लागला.