केकाचे हात

जळगावात मे महिन्यात केक भाजावा लागत नाही. मिश्रण भांड्यात ओतून खिडकीत ठेवलं की वरून तांबूस व्हायला लागतं. उलट ते जरा निवावं म्हणून ओव्हनमध्ये ठेवावं लागतं. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने दुपारी आमच्या भागात, पिंप्राळ्यात येऊन उन्हातल्या स्कूटरच्या सीटवर बसून दाखवावं. मग बोलू.

धुळ्याहून नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही या कॉलनीत राहायला आलो. आम्ही बौद्ध. दार उघडलं की समोरच बुद्धमूर्ती दिसते, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. कॉलनीही सुशिक्षित. कुणी काही विचारलं नाही.

सुरुवातीला मी केक कुकरमध्ये करायची. शिट्टी काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर डबा. पुढे छोटा ओव्हन आला आणि माझा धंदा, म्हणजे फुकटचा धंदा, जोरात सुरू झाला. हिवाळ्यात केळ्याचा केक. इकडे केळी इतकी की पिकून काळी पडलेली फणी लोक दारात आणून टाकतात, आणि काळ्या केळ्याइतकं केकला काही मानवत नाही. माझ्या केकच्या वासाने रिक्षा आपोआप आमच्या गल्लीत वळायच्या. एक रिक्षावाला तर भडगावचं भाडं सोडून आला होता, असं मी सांगते आणि लोक मानतात. पावसाळ्यात बिस्किटं लोळागोळा होत, मैद्यात पोरकिडे पडत. मग भाद्रपदातलं कडक ऊन निघालं की मैदा, रवा, गाद्या आणि नवरा, सगळ्यांना गच्चीवर वाळत घालायचं.

गल्लीत एकही वाढदिवस माझ्या केकशिवाय झाला नाही. प्रश्न एकच यायचा, "अंडं नाही ना घातलं?" नाही म्हटलं की केक जायचा आणि बोटं चाटून संपायचा. मला वाटलं, जिंकलं.

मग उन्हाळा आला.

उन्हाळ्याची कामं इकडे एकटीने करत नाहीत. आज हिच्याकडे उडदाचे पापड, उद्या तिच्याकडे कुरडया. ज्या घरी पापड, त्या घरी सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात, गोल बसतात, लाटत लाटत अख्ख्या जिल्ह्याची अब्रू काढतात. समोरच्या अक्का या कामाच्या सेनापती. त्यांच्याकडे पहिल्यांदा पापड निघाले तेव्हा मीही पोळपाट काखोटीला मारून हजर.

अक्कांनी मला नखशिखांत पाहिलं. "तू ऱ्हाऊ दे बहीन. तुना हात केकना शे. वर जाय, कावळा हाकल. नई ते बठ्ठा पापड खाई जातीन."

सगळ्या हसल्या. मीही हसले. गच्चीवर जाऊन काठी घेऊन बसले. कावळे हाकलणं हे लहान काम नाही. माझी कीर्ती इतकी पसरली की धरणगावचे कावळे आमच्या गल्लीवरून वळसा घालून जायचे. एक म्हातारा कावळा रोज समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून माझ्याकडे बघायचा. बहुधा सहानुभूतीने.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पोळपाट घेऊन गेले, काठी घेऊन बसले. खालून हसण्याचे आवाज यायचे. माझा हात लागायचा तो वाळलेल्या पापडाला, तोही पलटायला, तोही काठीच्या टोकाने पलटला तर बरं. पिठाला कधीच नाही. ते पीठ ओलं असतं; ओल्याला विटाळ लागतो, वाळल्याला नाही.

नवरा म्हणाला, "तुला अजून कळलं नाही?"

"कळलंय," मी म्हटलं. "खात्री करायचीय."

म्हणून त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी माझ्या घरी पापड काढले. धुळ्याहून आईकडून उडीद डाळ दळून आणली, पापडखार घातला, तेलाचा हात लावून पीठ इतकं कुटलं की खालच्या मजल्यावरच्यांना भूकंप झाल्यासारखं वाटलं असेल. आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं. "येते ना, येते ना," सगळ्या म्हणाल्या. अक्का म्हणाल्या, "मी येस ना, मी नई येवाव ते कोन येई?"

हॉलमध्ये चटया घातल्या. चहाचं आधण ठेवलं. लाट्या करून तेलात घोळवून झाकून ठेवल्या. पिठाला वाट बघणं जमत नाही; वाट बघून ते कडक होतं, मग लाटणं चालत नाही.

एकीचा गुडघा दुखायला लागला. एकीच्या घरी नळ आला. नळ आमच्याकडेही आला होता, पण तिचा बहुधा वेगळ्या नदीचा. एकीच्या भावजयीचे माहेरचे पाहुणे अचानक उतरले. कॉलनीतल्या सगळ्या गुडघ्यांनी, नळांनी आणि पाहुण्यांनी एकच दिवस निवडला. अक्का तर दिसल्याच नाहीत. त्यांच्या घराला कुलूप, आणि आतून मिक्सरचा आवाज.

नवऱ्याने रजा टाकली. दोघांनी मिळून लाटले. त्याचे पापड इतके जाड की त्यावर चहाचा कप ठेवता आला असता. मी हसले नाही. गच्चीवर वाळत घातले आणि काठी मुद्दाम नेली नाही. म्हटलं, कावळ्यांनी तरी यावं.

दुसऱ्या दिवशी अक्कांची सून दारात. "ताई, उद्या पोराचा वाढदिवस. केळ्याचा केक हवाय. तुमच्यासारखा कुणाला जमत नाही बघा."

"करू की," मी म्हटलं. "पण या वेळी इथे बसून दोघी करू. तू केळी कुस्कर, मी मैदा चाळते. शिकशीलही."

तिचा हात चौकटीवर होता, तो तिने काढून घेतला. "अक्कांना विचारून सांगते," म्हणाली आणि गेली.

ती सांगायला आलीच नाही. मी केक केला नाही. त्यांनी बाहेरून आणला. गुलाबी क्रीमचा, वर प्लास्टिकची गाडी. संध्याकाळी गाणं ऐकू आलं, टाळ्या ऐकू आल्या. मग सून आली. कागदाच्या प्लेटमध्ये केकचा तुकडा, चिमूटभर चिवडा.

"आत ये ना," मी म्हटलं. "जरा बस."

"नको ताई, पायाला चिखल आहे."

मी प्लेट घेतली. मे महिना होता. अख्ख्या जळगावात चिखल नव्हता.