मायनं सांगितलं त्याचं हिंदी

ब्रह्मपुरीत मला खोटारडा म्हणणारा एक माणूस शोधून दाखवा. नाही सापडणार. बांधाचा वाद असो की भावाभावांचं भांडण, लोक म्हणतात, गुरुजींना विचारा, गुरुजी खोटं बोलणार नाहीत. इतकी वर्षं हे ऐकतोय, आणि दर वेळी वाटतं, असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी. त्याच्या कशाला? माझ्याच. पण तेवढी हिंमत माझ्यात कधी नव्हती. आज जे सांगतोय ते बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही, विहारात एकटा बसलेला असतानाही तोंडातून निघालं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. बाकी काही कारण नाही.

माझ्या मायला लुंबिनी पाहायची होती. छप्पन साली मला कडेवर घेऊन ती दीक्षेला नागपूरला गेली, तेव्हापासून तिच्या डोक्यात ते होतं — जिथं बुद्ध जन्मला तिथली माती एकदा कपाळाला लावायची. लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी करता करता तिची कंबर वाकली. मी शिकलो, हायस्कुलात हिंदीचा मास्तर झालो. हिंदीचा — हे लक्षात ठेवा. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वरोऱ्याच्या एका माणसाकडून जीप भाड्यानं घेतली आणि मायला घेऊन निघालो. जीपबरोबर ड्रायव्हर आला, तुळशीराम.

वरोऱ्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा. घरी कापसाचं थोडं वावर, बैलजोडी, एक गाय. रस्त्यात जनावर आडवं आलं की हा गाडी थांबवायचा, हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. खिडकीतून म्हणायचा, "जा माय, जा." मला हसू यायचं. मोकळा रस्ता दिसला की मी त्याच्या मागे लागायचो, मला शिकव. त्यानं शिकवलं. गियर कसा टाकायचा, क्लच कसा सोडायचा, सगळं त्यानंच शिकवलं. लायसन्स माझ्याकडे नव्हतं.

सोनौलीला सीमा लागली. पलीकडे नेपाळ. तिथं आपली गाडी न्यायची तर कागद करावा लागतो, भन्सार म्हणतात त्याला. त्यावर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव. ज्याचं नाव त्यानंच चालवायची. तो कागद मी स्वतः वाचला, वर मायला समजावूनही सांगितला. आणि फाटक ओलांडून थोडं पुढं गेल्यावर म्हणालो, आता मी चालवतो.

का? काही नाही हो, मिजास. शाळेत सांगता आलं असतं ना, परदेशात गाडी चालवून आलो!

तुळशीराम म्हणाला, "गुरुजी, कागदावर माहं नाव हाय. दुसऱ्याच्या मुलखात लफडं नोको."

मी त्याच्यावर खेकसलो. गाडी भाड्यानं कोणी घेतली, मी की तू? त्यानं मुकाट्यानं उतरून जागा दिली. दोन दिवसांचा थकलेला माणूस, मागच्या सीटवर पडल्या पडल्या झोपला. माय माझ्या शेजारी पुढं बसली.

गाय उजवीकडून आली. ब्रेक समजून मी काय दाबलं, मला आजही सांगता येत नाही. ती जागेवरच पडली.

तुळशीराम दचकून उठला, उतरला, धावत गेला. पाण्याची कॅन नेऊन तिच्या तोंडात पाणी घालत बसला. आणि मी काय केलं? मायला धरून झाडाखाली जाऊन उभा राहिलो. लोक जमले तेव्हा गाईजवळ तो होता, सावलीत मी होतो. माणसं जे पाहतात तेच धरून चालतात.

त्या देशात तेव्हा राजा होता आणि गाय मारणं म्हणजे तुरुंग. अपघात झाला की मुद्दाम केलं, ते कोर्ट ठरवणार, तोवर माणूस आत. चौकीत तुळशीरामनं सरळ सांगितलं, गुरुजी चालवत होते. आणि मी — खोटं बोलायचं नाही हे चौथं शील मायला बोट धरून शिकवणारा मी — म्हणालो, झूठ बोलता है साहब, मुझे गाड़ी चलानी आती ही नहीं। खरं सांगू? त्या क्षणी मला त्याचाच राग आला होता. एवढं काय खरं बोलायचं नडलं होतं त्याचं!

अंमलदारानं मायकडे पाहिलं. ही म्हातारी खोटं बोलणार नाही, असं त्यालाही वाटलं असावं. त्यानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं?

माय माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "साहेब, गाडी माह्या पोराच्या हाती होती. तो गरीब त झोपला होता."

त्याला ते कळलं नाही. त्यानं मलाच विचारलं, क्या कहती हैं?

मी सांगितलं, "कहती हैं, ड्राइवर को नींद आ गई थी।"

पाहिलंत? तिच्या वाक्यातली झोप तेवढी उचलली, पोरगा गाळला. काय सफाई! भाषांतराला शाळेत मी स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

मायला हिंदी बोलता यायचं नाही, पण कळायचं सगळं. कोपऱ्यात जमिनीवर बसवलेल्या तुळशीरामनंही ऐकलं. त्यानं मायकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तिनं मान खाली घातली. पोटच्या पोरासाठी घातली. पुढं कित्येक वर्षं मी मनातल्या मनात तिच्यावरच चिडत राहिलो, तू काऊन नाही बोललीस म्हणून! माझा निलाजरेपणा बघा.

तो आत राहिला, जीपही तिथंच राहिली. लुंबिनी तिथून हाकेवर होती. मी म्हणालो, चल, दर्शन करून जाऊ. माय म्हणाली, "कोण्या तोंडानं जाऊ, बापू?" आम्ही रेल्वेनं परत आलो. गावात मी सांगितलं, दर्शन छान झालं. माय चुलीपुढं बसली होती, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

दिवाळीनंतर जीपमालकानं दंड भरून त्याला सोडवून आणलं. गावानं काय केलं? गाय मारून आला, म्हणाले. पुढच्या पोळ्याला स्वतःचे बैल घेऊन त्याला तोरणाखाली उभं राहू दिलं नाही. बैल भावानं नेले. पुन्हा कोणी त्याच्या हाती स्टेअरिंग दिलं नाही. वरोऱ्याच्या कापूस बाजारात तो ओझी वाहायला लागला. मी तालुक्याचा आदर्श शिक्षक झालो, गळ्यात हार घालून घेतले, आणि मान ताठ ठेवली. थू!

एकदा वरोऱ्याच्या स्टँडवर तो समोर आला. केसांत कापूस अडकलेला. "जय भीम, गुरुजी. माय कशी हाय?" एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी "बरी आहे" म्हणालो आणि समोर लागलेल्या बसमध्ये चढलो. ती बस माझ्या गावाची नव्हती.

माय गेली त्या दिवशी, ती शुद्धीत होती तोवर, मी तिच्या उशाशी पंचशील म्हणायला बसलो. चौथं आलं तशी तिनं हात वर केला. "राहू दे," म्हणाली.

तुळशीरामही गेल्याचं कळलं. आता त्याच्या नावावरची गाय माझ्या बोलण्यानं उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. वर्गात एका शब्दाच्या चुकीसाठी मी पोरांच्या हातावर छड्या ओढल्या आहेत. मायचं ते वाक्य अजून तसंच पडून आहे. त्याचं हिंदी असं होतं —

साहब, गाड़ी मेरे बेटे के हाथ में थी। वह बेचारा तो सो रहा था।